गरब्याच्या फरशीखालचं चेंबर

डहाणू रोडला पोरीला फ्लॅटवालं सासर मिळालं म्हणून माझ्या आईने कैनाडच्या आमच्या अख्ख्या पाड्यात साखर वाटली होती. साल २०१४. स्थळ आलं तेव्हा तिने नवऱ्यामुलाचे नाक-डोळे बघितले नाहीत, पगार विचारला नाही. घर कसलं आहे तेवढंच विचारलं. फरशी आहे, नळ आहे, मोरी घरातल्या घरात आहे म्हटल्यावर तिने लगेच मान डोलावली. मी जरा कुरकुरले, तर तिने लुगडं वर करून आपले पाय माझ्यापुढे धरले.

"हे बघ. आवणीच्या चिखलात कुजले माझे पाय. तुझे नाही कुजू द्यायचे मला."

तिच्या पायांना दर पावसाळ्यात चिखल्या व्हायच्या. दिवसभर चिखलपाण्यात उभं राहून भात लावलं की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फाटते आणि रात्री अशी आग होते की माणूस रडतं. आई हिरडा उगाळून लावायची आणि सकाळी पुन्हा शेतात उतरायची. ते बघतच मी मोठी झाले होते, त्यामुळे फरशीच्या घराला मीही नाही म्हटलं नाही.

घर चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू. तळमजल्यावरचा मागच्या बाजूचा फ्लॅट. आमच्या डोक्यावर एकावर एक तीन घरं. मागच्या खिडकीखाली हातभर मोकळी जागा होती, तिथे मी माहेरून आणून केळीचा एक कोंब लावला. आमचे हे चारोटी नाक्यावर हायवेच्या एका हॉटेलात हिशेबाला होते. पहाटे निघायचे, अंधार पडल्यावर यायचे. मूलबाळ अजून नव्हतं. पहिलं वर्ष मी फरशी पुसण्यातच घालवलं. इतकी हौस!

मग तो गरबा झाला. आमच्याकडे गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरात कुठलीही भाषा बोला, नवरात्रात सगळ्यांच्याच पायाला भिंगरी. बिल्डिंगचा गरबा खालच्या कंपाउंडात व्हायचा आणि कंपाउंडच्या मधोमध सांडपाण्याच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं, बोटभर वर आलेलं. पहिल्या मजल्यावरच्या भाभी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींच्या मिसेस, फेर धरताना त्याला अडखळून सपशेल आपटल्या. गुडघा फुटला, नवी चनियाचोळी फाटली. झालं! पुढच्या नवरात्राआधी सोसायटीने सगळ्या कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, झाकणावरूनसुद्धा. काय सपाट जमीन झाली म्हणून सांगू! गरबा झकास रंगला. त्या ब्लॉकखाली चेंबर गाडलं गेलंय, ते कधीतरी उघडून साफ करावं लागतं, हे एवढ्या शिकल्यासवरल्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मला मात्र ते लवकरच कळलं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि पायाला ओलं लागलं. बघते तर मोरीच्या जाळीतून पाणी वर येतंय. बुडबुड, बुडबुड. काळं, वर साबणाचा फेस आणि त्यात भाताची शितं. आमच्याकडे त्या दिवशी भात शिजलाच नव्हता.

नळाला पाणी सकाळीच यायचं, त्यामुळे सगळ्या घरांच्या अंघोळी, भांडी, कपडे एकाच वेळी. वरच्या तिन्ही घरांचं पाणी एकाच पाइपातून खाली यायचं आणि आमच्या मोरीजवळून चेंबरात जायचं. चेंबर तुंबलेलं, म्हणजे पाणी जाणार कुठे? पाइपाचं सगळ्यात खालचं तोंड आमच्या मोरीत. ते आमच्याकडे यायचं. कुणाकडे बोंबील धुतले, कुणी पेज ओतली, कुणी केसांना मेंदी लावली, सगळं मला घरबसल्या कळायचं. संडासाची लाइन वेगळी होती, तेवढी देवाची कृपा.

मी काय काय नाही केलं! सोडा टाकला, त्यावर कढत पाणी ओतलं. रबराचा तो पंप आणून दंड भरून येईपर्यंत दाबला. जाळीवर आणखी बारीक जाळी बसवली. प्लंबरला बोलावलं, त्याने लांबलचक कामटी आत सारली, हलवली आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ताई, तुमच्याकडे काही नाही. चेंबर खोलावं लागेल. कुठे आहे चेंबर?"

मी खिडकीतून कंपाउंडाकडे बोट दाखवलं. तो हसायला लागला. मला हसू आलं नाही.

मी जिने चढून घरोघर गेले. तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, बाई गं, पेज मोरीत ओतू नका, थंड झाली की घट्ट बसते. दुसऱ्यावर सांगितलं, चहाचा चोथा आणि केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, खरकटी कढई आधी पुसून घ्या आणि मग धुवा, तेल पाइपात गोठतं. सगळ्यांनी हो हो म्हटलं. भाभींनी मला बसवून ढोकळा दिला, आपल्या मोरीचा नळ सोडून दाखवला आणि म्हणाल्या, "अमारे तर पाणी एकदम फर्स्टक्लास जाते. तुमचीच मोरी खराब आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ढोकळा मी तसाच ठेवून आले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला की उत्तर तयार. आता नवरात्र तोंडावर आलंय, ब्लॉक कसे फोडणार? नवरात्र झालं की दिवाळी. मग लग्नसराई, गाड्या कुठे लावायच्या? मग पावसाळा, पावसाळ्यात का कुणी खणतं? आणि पुन्हा नवरात्र. एकदा मी फारच आवाज चढवला, तेव्हा सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही असताच ना घरी, वहिनी. तुम्ही बघून घेता म्हणून तर आम्हाला काळजी नाही."

ते ऐकून मंडळी माना डोलवायला लागली. मला तिथेच धाय मोकलून रडावंसं वाटलं.

खरंच मी घरीच होते. दुसरीकडे असणार कुठे? नळाचं पाणी यायच्या आधी मी साडी खोचून मोरीत उभी राहायची. सुपलीने पाणी भरायचं, बादलीत ओतायचं, बादली मागच्या खिडकीतून केळीवर रिकामी करायची. पाणी थांबेपर्यंत हेच. जरा हात थांबला की पाणी मोरीचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात, तिथून खाटेखाली. नळाची वेळ कधी बदलायची, कधी दुपारीही पाणी सुटायचं, म्हणून दुपारीही लांब जायची सोय नाही. बाजारात गेले तरी अर्धं लक्ष मोरीत. कुठल्या लग्नाला नाही, बारशाला नाही. माहेर शेअर रिक्षाने जाण्यासारखं, पण तिथेही उभ्या उभ्या जायचं आणि चहा पिऊन पळायचं. लग्नानंतर एक रात्र मी आईजवळ झोपले नव्हते. ह्यांना म्हटलं, दोन दिवस सुट्टी घ्या, तुम्ही उभे राहा मोरीत. तर म्हणाले, "मला जमायचं नाही बुवा ते. तुला सवय आहे." सवय! केळ मात्र अशी माजली होती की खिडकीतला उजेड अडवायला लागली. रात्री पाय खाजायचे, ठणकायचे. मी पायांना फडकं बांधून झोपायची. पाण्यात उभं राहणाऱ्याचे पाय दुखणारच, त्याचं काय एवढं.

त्यातच आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तलासरीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात वर्षातून एकदा शिबिर लागायचं. नाव नोंदवलं की त्यांची गाडी सकाळी चारोटी नाक्यावरून घेऊन जायची, ऑपरेशन फुकट. अट एकच. बाईमाणसाबरोबर घरची एक बाई राहायला हवी, दोन रात्री. वडील नव्हते. धाकटा भाऊ बिनलग्नाचा, त्याला बायकांच्या वॉर्डात कोण घेणार? राहता राहिले मी.

"येशील ना गं?" आईने विचारलं.

"येणार म्हणजे येणार," मी म्हटलं.

त्या सकाळी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ह्यांनी कसंबसं कबूल केलं होतं की एक दिवस उशिरा जाईन. पण पहाटे हॉटेलातून फोन आला आणि हे निघून गेले. मी म्हटलं, जाऊ दे, वाहू दे घर, मी चालले. चपला पायात घातल्या. तेवढ्यात मोरीतून पाणी सुटलं, आणि असं सुटलं की बघता बघता तांदळाच्या कोठीला लागलं. वर्षाचा तांदूळ होता तो, आईनेच पिकवून दिलेला. मी पिशवी टाकली आणि सुपली उचलली. भरतेय, ओततेय, भरतेय, ओततेय. वर कुणीतरी मजेत गाणं म्हणत अंघोळ करत होतं.

चारोटीला पोचले तोवर गाडी निघून गेली होती. आई एकटीच एका टायरवाल्याच्या दुकानापुढे गाठोड्यावर बसली होती. भाऊ तिला सोडून कामावर गेला होता. मी तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी ती हायवेकडेच बघत होती. मी हाक मारली तेव्हा तिने मान वळवली.

"आलीस? मला वाटलं दुसरंच कोण आहे."

उलट ती मला समजावत होती, "राहू दे गं, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या डोळ्याने दिसतंय की." घरातली मोरी तुंबते हे मी तिला सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगू? तिने साखर वाटली होती.

पुढच्या वर्षभरात तो दुसरा डोळाही गेल्यासारखाच झाला. चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली. तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायची. एकदा विहिरीवर जाताना पाय चुकला, थोडक्यात वाचली. डॉक्टर म्हणाले, आता फार थांबू नका, पिकून फुटला तर ऑपरेशनलाही हात लावता येणार नाही. भावाने मला फोनवर एवढंच विचारलं, "ताई, ह्या वेळी तरी?"

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. त्या भोकाकडे बघत होते आणि डोक्यात तिडीक उठली. एवढ्याशा भोकाने मला दावणीला बांधलंय? माझ्या आईचा डोळा ह्या भोकात जाणार? आमच्या कैनाडच्या घरात कुठे होता पाइप नि कुठे होतं चेंबर? न्हाणीचं पाणी पन्हळीतून थेट केळीला जायचं. आपलं पाणी आपल्या केळीला. मग मला ह्यांच्या पाइपाची गरजच काय?

शिबिराच्या आदल्या दुपारी, वर सगळे झोपलेले असताना, मी हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंट आणलं. मोरीची जाळी काढली. विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून भोकात ठोकून बसवला, वर सिमेंट थापलं, हाताने गुळगुळीत केलं. सुकल्यावर त्यावर आमचा दगडी पाटा आणून ठेवला. बेसिनचं पाणीही त्याच मोरीत उतरायचं, त्या नळीला जुना पाइप जोडून तो खिडकीतून बाहेर केळीकडे सोडला. हे घरी आले, पाट्याकडे बघत राहिले.

"अगं, हे काय करून ठेवलंस? आपली अंघोळ?"

"तुमची हॉटेलात करा. मला सवय आहे, मी कुठेही करीन."

ह्या वेळी आई नाक्यावर यायच्या आधी मी तिथे उभी होते.

दवाखान्यात दुपारी तिचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून तिला खाटेवर आणून निजवलं. वॉर्डात चपला घालायच्या नाहीत, त्या बाहेर ठेवून मी खाली सतरंजीवर पडले. आई वरून हात सोडून माझ्या केसांत फिरवत होती. एवढ्या वर्षांनी तिच्याजवळ झोपत होते, आणि मला झोप कसली येतेय! पहाटे दचकून जागी झाले, उठून बसले, साडीही खोचली. कुठे निघालीस म्हणून आईने विचारलं तेव्हा भानावर आले.

सकाळी फोन वाजला. भाभी. नुसती किंचाळत होती बाई.

"अरे तुमी शुं केलं? माझ्या घरात पाणी, सगळ्या घरात! काळं काळं पाणी! माझा सोफा गेला! तुमी घरी का नाय?"

मला कळेना हसू की काय करू. पाइपाचं खालचं तोंड बंद झालं, आदल्या दिवसाचं पाणी पाइपातच मावलं असेल, आज ते एक मजला वर चढलं. सरळ होतं. वॉर्डातल्या बायका बघत होत्या म्हणून मी आवाज अगदी मऊ केला.

"भाभी, आमच्याकडे तर एकदम फर्स्टक्लास आहे. तुमचीच मोरी खराब असेल."

आणि फोन ठेवला. खोटं नाही सांगत, काळजात थंडगार वाटलं.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. म्हणाले, माणसं बोलावलीत, कंपाउंडातले ब्लॉक उखडलेत, सेक्रेटरी स्वतः नाकाला रुमाल बांधून उभे आहेत. नवरात्र तोंडावर होतं, पण कुणी नवरात्राचं नाव काढलं नाही. चेंबर उघडलं तर आत साबण आणि तेलाचा पांढरा थर बसलेला, खोबऱ्यासारखा घट्ट, पहारीने फोडावा लागला. त्यात केसांचे पुंजके, नारळाच्या शेंड्या आणि ओंजळभर काळ्याभोर चिकूच्या बिया. पाणी धो धो निघून गेलं म्हणाले. इतकी वर्षं अडलेलं काम एका दिवसात झालं, कारण त्या दिवशी मी घरी नव्हते. हे मला त्या सतरंजीवर बसल्या बसल्या कळलं आणि सुटल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी असा संताप आला की विचारू नका. मी भरत होते म्हणून ते थांबले होते. मी जितकी राबले तितकी जास्त अडकत गेले.

दुसऱ्या दिवशी नर्सने आईची पट्टी सोडली. औषध घातलं, डोळा पुसला, म्हणाली, हळूहळू उघडा, मावशी. मी समोरच्या स्टुलावर बसले होते. आईने डोळा उघडला. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसली. "बारीक झालीस गं," म्हणाली. मग तिची नजर खाली उतरली आणि तिथेच थांबली.

मी पाय स्टुलाखाली ओढून घ्यायला गेले, पण उशीर झाला होता. बोटांच्या बेचक्यांतली पांढरी, फाटलेली कातडी तिने बघितली होती. ती ओळखायला तिला दोन डोळे लागत नव्हते.

मला वाटलं, आता विचारील, फरशीच्या घरात हे कसं झालं म्हणून, आणि मला सगळं सांगावं लागेल. तिने विचारलं नाही. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिने वर छताकडे तोंड केलं.

"घरी चल आधी," ती म्हणाली. "हिरडा उगाळून लावते."